घरात ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

मुलगा किंवा मुलगी कुणात गुंतली आहे, हे आपल्या घरांना बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी कळतं. मित्रांना माहीत असतं, क्लासमधल्या मुलींना माहीत असतं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही अंदाज असतो. घरी कळतं ते कुणीतरी पाहिलं म्हणून, मोबाइल हाती लागला म्हणून, नाहीतर पोलिसांच्या दामिनी पथकाने बागेतून फोन केला म्हणून. मग त्या रात्री जे होतं ते छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, गारखेड्यात, पडेगावात थोड्याफार फरकाने सारखंच असतं. मोबाइल काढून घेतला जातो. क्लास बदलायचं ठरतं. मामाला बोलावणं जातं. ‘आम्ही काय कमी केलं होतं तुला?’ असं विचारलं जातं, पण त्याचं उत्तर ऐकायची तयारी कुणाचीच नसते.

हा लेख त्या रात्रीबद्दल नाही, तिच्या आधीच्या पंधरा-सोळा वर्षांबद्दल आहे. लेकरू दुसऱ्या माणसावर किती विश्वास टाकतं, भांडण झाल्यावर पुन्हा बोलायला येतं की सगळं तोडून मोकळं होतं, मनाविरुद्ध काही घडत असताना ‘नको’ म्हणू शकतं का, आणि समोरचा ‘नको’ म्हणाला तर ते ऐकू शकतं का, याचे धडे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. २००७ साली तर महाराष्ट्राने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच नाकारला होता. हे सगळं मूल घरात शिकतं, आणि कुणी शिकवतोय हे लक्षात न येता शिकतं. साठ-सत्तर वर्षांचं संशोधन आणि याच जिल्ह्यातल्या एका गावचा अनुभव शेजारी ठेवला, तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. आईवडिलांशी असहमत होऊनही ज्या मुलाला त्यांचं प्रेम मिळत राहतं, त्यालाच पुढे दुसऱ्या माणसाच्या खऱ्या अर्थाने जवळ जाता येतं.

प्रगतिपुस्तक, मित्र आणि जेवतानाच्या गप्पा

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या ५,०२४ मुलामुलींचा अभ्यास केला. मूल स्वतःला इतरांच्या बरोबरीचं समजतं का, एकंदरीत स्वतःवर खूश आहे का, हे मोजायला त्याने दहा विधानांची प्रश्नावली बनवली. १९६५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. ती प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. या अभ्यासाचा कमी सांगितला जाणारा भाग घराबद्दलचा आहे. रोझेनबर्गने मुलांना अगदी साध्या गोष्टी विचारल्या. लहानपणी तुझे मित्र कोण होते हे आईला माहीत होतं का? प्रगतिपुस्तक दाखवलं की घरात काय व्हायचं? जेवताना गप्पा चालायच्या तेव्हा तुझ्या बोलण्यात कुणाला रस असायचा का?

ज्या मुलांच्या आईवडिलांना यातल्या कशातच रस नव्हता, त्यांचा आत्मसन्मान कमी निघाला. इथवर नवल नाही. पण कमी मार्कांवरून बोलणी खाणाऱ्या, शिक्षा होणाऱ्या मुलांपेक्षाही ही दुर्लक्षित मुलं स्वतःला कमी लेखत होती. प्रगतिपुस्तक चांगलं असो की वाईट, कुणी त्याकडे ढुंकून बघत नसेल तर मूल त्याचा अर्थ लावतं: आपण कुणाच्या खिजगणतीत नाही. रागावणाऱ्या बापाला निदान आपलं काहीतरी वाटतं, एवढं तरी त्या शिक्षेतून मुलाला कळत असतं.

आपल्या शहरात हा निष्कर्ष थेट कामाचा आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्यामागोमाग चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या पट्ट्यात उद्योग वाढत गेले आणि मराठवाड्याच्या गावागावांतून माणसं इथे राहायला आली. वाळूजजवळच्या बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ शिफ्टवर चालतं. दुसऱ्या शिफ्टचा बाप मध्यरात्री घरी येतो तेव्हा लेकरू झोपलेलं असतं, आणि सकाळी लेकरू शाळेला निघतं तेव्हा बाप झोपलेला असतो. आई शिवणकाम करते, डबे देते किंवा तीही कंपनीत जाते. ही माणसं मुलांसाठीच राबतात, त्यांच्या प्रेमावर शंका घ्यायला जागाच नाही. रोझेनबर्गच्या प्रश्नांकडे पुन्हा पाहिलं तर त्यात अशा घरांसाठी एक दिलासा आहे. मित्राचं नाव ठाऊक असायला दिवसाचे चार तास लागत नाहीत. ‘तो साहिल परत बोलायला लागला का रे तुझ्याशी?’ असं सुटीच्या दिवशी विचारणाऱ्या बापाने मुलाला दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. तुझ्या आयुष्यात काय चाललंय ते माझ्या लक्षात आहे, आणि तू महत्त्वाचा आहेस.

मार्कांवर बेतलेली माया

या शहरात लक्ष न दिल्याने जेवढी मुलं कोमेजतात, कदाचित तेवढीच भलतीकडे लक्ष दिल्याने कोमेजतात. अकरावी-बारावीची दोन वर्षं अनेक घरांत फक्त एकाच विषयावर बोलणं होतं. टेस्टमध्ये किती आले, रँक काय, ‘नीट’ला किती लागतील. जिल्ह्याच्या तालुक्यांतून, जालना-बीड-परभणीकडून खोली घेऊन इथे राहिलेल्या मुलांचा घरचा फोनही बहुधा त्याच प्रश्नाने सुरू होतो. मार्क चांगले आले तर आवाज गोड होतो, कमी आले तर फोन लवकर ठेवला जातो. कुणी मुद्दाम करत नाही. पण मुलाचे कान तयार असतात. त्याला आवाजातला फरक बरोबर ऐकू येतो.

आवी असोर, गाय रोथ आणि एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केलं. अपेक्षा पुऱ्या केल्या की माया वाढते आणि नाही केल्या की आटते, असं वाटत मोठी झालेली मुलं आईवडिलांना हवं ते करतात खरी, पण आतून एक जबरदस्ती सोसत करतात. यशाचा आनंद थोडा वेळच टिकतो, अपयशाची लाज मात्र खोल जाते, आणि आईवडिलांबद्दल मनात अढी बसते.

नात्यांवर याचा परिणाम कसा होतो, हे फारसं अवघड नाही. प्रेम कमवावं लागतं असं शिकलेलं मूल मैत्रीतही आणि प्रेमातही कमवायलाच जातं. मित्राला नोट्स देऊन, पैसे खर्च करून, त्याच्या हो ला हो करून ते आपली जागा टिकवतं. मेसेज वाचूनही उत्तर आलं नाही की त्याचा दिवस वाया जातो, कारण त्याच्यासाठी ती साधी दिरंगाई नसते, घसरलेली रँक असते. स्वतःची किंमत दुसऱ्याच्या हातात दिलेल्या माणसाला त्या दुसऱ्याची सतत भीती वाटते, आणि जिथे भीती आहे तिथे जवळीक मुरत नाही.

अबोला

आपल्याकडे आईवडील मारतात, ओरडतात, हे सगळ्यांना दिसतं. त्याहून जास्त वापरलं जाणारं हत्यार मात्र बिनआवाजी आहे. समजा, सोळा वर्षांच्या मुलीने सांगितलं, मला सायन्स नको, आर्ट्सला जायचंय. बाप काहीच बोलला नाही. आईने बोलणं बंद केलं. सकाळी चहाचा कप तिच्यासमोर ठेवला गेला, पण हातात दिला गेला नाही. ‘जेवायला वाढू का’ हे धाकट्या भावाच्या तोंडून विचारलं गेलं. पाहुणे आले तेव्हा आई तिच्यादेखत म्हणाली, ‘आमचं काय ऐकतंय कोण.’ रात्री आईचं डोकं दुखायला लागलं, बीपी वाढलं, आणि ते कुणामुळे वाढलं हे सगळ्या घराला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मुलगी रडत म्हणाली, घेते सायन्स. त्याक्षणी घर पुन्हा हसूबोलू लागलं. आवडीची भाजी झाली.

त्या तीन दिवसांत मुलीला कुणी बोट लावलं नाही. तरी ती एक धडा पक्का शिकली: आपलं मत मांडलं की आपली माणसं जातात.

मानसशास्त्रात अशा वागण्याला मानसिक नियंत्रण म्हणतात. प्रेम काढून घेणं, अपराधी वाटायला लावणं, मुलाच्या भावना खोट्या ठरवणं, हे त्याचे प्रकार. किती वाजता घरी यायचं, मोबाइल किती वेळ वापरायचा असे नियम घालणं वेगळं आणि मुलाच्या मनाचा ताबा घेणं वेगळं, हा फरक संशोधक ब्रायन बार्बर यांनी नव्वदच्या दशकात ठसठशीतपणे मांडला. स्पष्ट नियमांनी मुलं बिघडत नाहीत. स्टॅनली कूपरस्मिथ यांच्या १९६७ च्या अभ्यासात तर चांगला आत्मसन्मान असलेल्या मुलांच्या घरी नियम ठळक होते आणि पाळलेही जायचे. मात्र त्या चौकटीत मुलाच्या मताला मान होता आणि मुलगा आहे तसा घराला हवा होता.

व्हर्जिनिया विद्यापीठातले जोसेफ ॲलन आणि त्यांचे सहकारी १८४ मुलामुलींच्या मागावर त्यांच्या वयाच्या तेराव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत राहिले. २०२० मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. तेराव्या वर्षी ज्यांना आईवडिलांचं असं मानसिक नियंत्रण जास्त जाणवत होतं, त्यांच्या सत्ताविशीतल्या प्रेमसंबंधांत एकमेकांना आधार देण्याचं प्रमाण कमी होतं, आणि बत्तिशीपर्यंत जोडीदार असण्याची शक्यताही कमी. विशेष म्हणजे त्यांचं शिक्षणही कमी झालं. म्हणजे ज्या मार्कांसाठी अबोला धरायचा, ते मार्कही लांबच्या पल्ल्यात हाती लागत नाहीत.

असं का व्हावं? जवळच्या नात्यात रोज लहानमोठे मतभेद होतात. सिनेमा कुठला इथपासून फोटो पाठवायचा की नाही इथपर्यंत. मतभेद मांडता येणं आणि तरी नातं टिकवणं हे कसब आहे, आणि त्याचा सराव आईबापांबरोबर होतो, कारण तेच मुलाच्या आयुष्यातले पहिले ताकदवान लोक असतात. त्यांच्यासमोर नेहमी माघारच घेतलेली मुलगी उद्या मित्राने उघडा फोटो मागितला तर कशाच्या बळावर नाही म्हणेल? तिच्या अंगात ते बळ आपणच मुरू दिलेलं नसतं. मग ‘एवढी हुशार पोरगी अशी कशी फसली’ म्हणून आपणच कपाळावर हात मारतो.

कुणी म्हणेल, आपली परंपराच कडक आहे, ते पाश्चात्त्यांचे निकष आपल्याला कसे लागू होतील? शंका रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी कुटुंबांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. तिथला कडकपणा मुलांना काळजीचा भाग वाटतो, म्हणून त्याला अमेरिकन मापाने हुकूमशाही म्हणता येत नाही. आपल्याकडे तर ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक मराठी घरांचा संस्कारग्रंथच आहे. पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला ती माऊली शिमटीने मारून विहिरीवर पाठवते, हा प्रसंग आपल्याला आठवतो. पुढचा भाग आपण विसरतो. नंतर ती त्याच्याजवळ येते, त्याचं दुखणं बघते, आपण असं का केलं ते त्याला सांगते. मुलाला रुसायची मुभा असते आणि रुसवा काढायला आई स्वतः येते. मारण्याचं समर्थन आज कुणी करू नये. पण त्या आईचं मोठेपण छडीत नव्हतंच, ते परत येण्यात होतं. आपण छडी किंवा तिची आजची रूपं उचलली आणि परत येणं सोडून दिलं.

‘माझा वाघ’

मुलींना दबकून राहायला शिकवणारं घर अनेकदा मुलाला उलटं टोक शिकवतं. त्याच्यासाठी ताट वाढलेलं, कपडे इस्त्री केलेले, चूक झाली तर दोष दुसऱ्याचा. ‘माझा वाघ आहे तो, त्याला कोण नाही म्हणतं बघतो.’ वरवर पाहता या मुलाचा आत्मसन्मान भरभक्कम असायला हवा. तसं होत नाही. संशोधक एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या ५६५ मुलांचा पाठपुरावा करून २०१५ मध्ये दाखवलं की आपलं मूल इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे असं आईवडील डोक्यात भरवत राहिले तर मुलात आत्मप्रौढी वाढते, आत्मसन्मान वाढत नाही. आत्मसन्मान वाढतो तो मायेने, म्हणजे आपण घराला आवडतो या अनुभवाने. मी इतरांपेक्षा वरचा आहे आणि मी ठीक आहे, या दोन वेगळ्या भावना आहेत. पहिलीला सतत टाळ्या लागतात.

अशा मुलाला मुलीने नकार दिला की त्याच्या लेखी ती एक इच्छा पुरी न होणं राहत नाही, त्याची सगळी प्रतिमाच कोसळते. एकतर्फी प्रेमातून हल्ला, ही बातमी या शहराने गेल्या काही वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा वाचली आहे. वैजापूर तालुक्यात डिसेंबर २०२१ मध्ये मनाने लग्न केलेल्या तरुण मुलीचा माहेरच्यांनीच जीव घेतल्याची घटना देशभर गाजली. या घटना टोकाच्या आहेत, प्रत्येक लाडावलेला मुलगा गुन्हेगार होत नाही आणि प्रत्येक कडक घर तिथवर जात नाही. पण मुलीचा नकार आणि मुलीची निवड हे दोन्ही अपमान मानणारं मन कुठल्या तरी घरात घडतं. मुलाला लहानपणी घरात ‘नाही’ ऐकण्याची सवय असती, आणि ऐकल्यावरही आपण तसेच लाडके आहोत याची खात्री असती, तर बाहेरचा नकार त्याला झेपला असता. बहिणीला ‘मला नको’ म्हणता येतं आणि ते घर ऐकतं, हे रोज पाहिलं असतं, तर त्याला वेगळ्या शिकवणीची गरजच पडली नसती.

वाट अधेमधे सुधारता येते

हे वाचून आईबापांचा जीव घाबरा होऊ शकतो. लहानपणी चुकलं ते कायमचं चुकलं का? याचं उत्तर देणारं काम अमेरिकेतल्या मिनेसोटात झालं आहे. त्याचं मूळ ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांच्याकडे जातं. एन्सवर्थ यांनी पन्नासच्या दशकात युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये आया आणि तान्ही मुलं बारकाईने पाहिली. साधारण वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत आईसोबत ठेवायचं, आईने थोडा वेळ बाहेर जायचं आणि परत यायचं, असा त्यांचा वीसेक मिनिटांचा प्रयोग. आई गेली की मूल किती रडतं, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं यावर त्यांचं लक्ष होतं. काही मुलं धावत येऊन बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काहींनी तोंड फिरवलं. काही बिलगली पण चिडत राहिली, शांतच होईनात. पहिल्या प्रकारच्या मुलांच्या आया घरी त्यांच्या रडण्याला ओ देणाऱ्या होत्या.

मिनेसोटात सत्तरच्या दशकात गरीब घरांतल्या गरोदर बायकांपासून एक अभ्यास सुरू झाला आणि त्या बाळांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला गेला. त्यांच्यापैकी काहींच्या प्रेमसंबंधांबद्दल जेफ्री सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लिहिलं. वर्षाचं असताना आईशी असलेलं नातं सुरक्षित, तर प्राथमिक शाळेत सवंगड्यांमध्ये मिसळणं सोपं. तिथे जमलं, तर सोळाव्या वर्षी जिवाभावाच्या मित्राशी मन मोकळं करता येतं. आणि ते जमलं, तर विशीतल्या प्रेमात राग-लोभ नीट हाताळता येतात. पहिल्या वर्षाचा विशीवर होणारा परिणाम असा पायरीपायरीने पोचत होता. याचा अर्थ मधली कुठलीही पायरी सुधारली तरी पुढचा रस्ता बदलू शकतो.

आपल्याकडे मधली पायरी, म्हणजे मैत्री, सगळ्यात हलकी समजली जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांचं म्हणणं होतं की दहाबारा वर्षांच्या आसपास एक जिवलग मित्र मिळणं हे मोठ्या प्रेमाचं पहिलं शिक्षण असतं. दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकं महत्त्वाचं वाटायला मूल तिथे पहिल्यांदा शिकतं. आपण नेमकी हीच मैत्री तोडतो. मुलगी वयात आली की मैत्रिणीकडे जाणं बंद. दहावी आली की मुलाचं ग्राउंड बंद. विभागीय क्रीडा संकुलावर रोज भेटणारा कबड्डीचा चमू फुटतो आणि प्रत्येक जण आपापल्या अभ्यासिकेत एकटा बसतो. मित्र गेले, भांडणं गेली, समजूत काढणं गेलं. उरतो तो मोबाइल, आणि त्यातल्या एका माणसावर सगळा भार.

पाचोडचा संध्याकाळचा तास

आता या जिल्ह्याचा अनुभव. पैठण तालुक्यातलं पाचोड बहुतेकांना मोसंबीच्या बाजारामुळे माहीत आहे. तिथे डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड ही संस्था अनेक दशकं ग्रामीण आरोग्याचं काम करते आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी आसपासच्या गावांत बारा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींसाठी, विशेषतः शाळा सुटलेल्या आणि कामाला जाणाऱ्या मुलींसाठी, जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. दिवसभर रानात काम, मग संध्याकाळी एक तास वर्ग. आठवड्याचे कामाचे पाचही दिवस, वर्षभर, एकूण २२५ तास. शिकवणारी बाई बाहेरून आलेली नसे. ती गावातलीच, निदान सातवी शिकलेली. विषय आरोग्याचे, आहाराचे, पण बँक, पंचायत, बोलणं, निर्णय घेणं असेही. आणि मुलींच्या आईवडिलांना बाजूला न ठेवता सुरुवातीपासून सोबत घेतलेलं.

इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन या संस्थेच्या अभ्यासकांनी या कामाची तपासणी केली. १९९७ मध्ये कार्यक्रमाच्या गावांत झालेल्या मुलींच्या लग्नांपैकी ८०.७ टक्के लग्नं अठरा वर्षांच्या आतली होती. २००१ मध्ये ते प्रमाण ६१.८ टक्क्यांवर आलं. लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. कार्यक्रम नसलेल्या गावांत असा फरक पडला नाही.

एक वर्ष ही किरकोळ गोष्ट वाटू शकते. सोळा आणि सतरामध्ये ते एक वर्ष काय असतं, हे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या मांडणीतून समजतं. आपण कोण आहोत याची ओळख आधी पटावी लागते, मग दुसऱ्याशी जवळीक झेपते, असं त्याचं म्हणणं. बालविवाहात हा क्रम उलटा होतो. आपण कोण हे कळायच्या आत आयुष्यातलं सगळ्यात जवळचं नातं मुलीच्या गळ्यात पडतं, आणि मग ती त्या नात्याच्या सोयीनेच स्वतःला घडवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड आणि परभणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचलही त्यावर मिळते, तिथे लग्नाची घाई पोटाच्या गणिताशी बांधलेली आहे. शिवाय वयात आलेल्या मुलीला मागे एकटं ठेवून कारखान्यावर जायची आईबापांना भीती वाटते. ही भीती खोटी नाही. तिला नावं ठेवून कुणाचं भलं होणार नाही.

पाचोडच्या कामातून मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्या वर्गाचा घाट. तिथे मुलीला रोज, ओळखीच्या बाईसमोर, आपल्या वयाच्या मुलींच्या घोळक्यात, तोंड उघडायची जागा होती. ती काय बोलते ते कुणीतरी ऐकत होतं. रोझेनबर्गने जेवतानाच्या गप्पांबद्दल जे विचारलं, ते या मुलींना घराबाहेरच्या त्या एका तासात मिळालं. आणि आईवडील त्यात सामील असल्यामुळे, बोलायला शिकलेली पोर त्यांना वैरीण वाटली नाही. आत्मसन्मान ही भाषणाने देण्याची वस्तू नाही. कुणीतरी रोज आपलं ऐकतं, या अनुभवातून तो साठत जातो. शहरातल्या शिकलेल्या घरांनी पाचोडच्या रानात राबणाऱ्या मुलींकडून एवढं तरी घ्यावं.

काय करता येईल

पहिली गोष्ट, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशी लहानमोठ्या गोष्टींवर खरोखर चर्चा करायची आणि काही वेळा त्याचं म्हणणं मान्य करायचं. कपडे, केस, खोली, रविवार कसा घालवायचा, असे विषय त्याच्यावर सोपवता येतात. सुरक्षेचे नियम मोजके आणि पक्के ठेवावेत, त्यांचं कारण सांगावं. ‘मी म्हणतो म्हणून’ हे कारण होत नाही.

दुसरी, राग आला तर बोलून दाखवायचा, अबोला धरायचा नाही. ‘तुझ्या वागण्याचा मला राग आलाय, तासाभराने बोलू’ असं म्हणणं आणि तासाभराने खरंच बोलणं, यातून मूल शिकतं की राग येतो, जातो, नातं राहतं.

तिसरी, मुलांना प्रेमाबद्दल आपणहून बोलतं करायचं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, दोघांची मर्जी असली तरी. सोळा-सतराच्या कितीतरी जोड्यांना हे ठाऊकच नसतं, आणि कळतं तेव्हा मुलगा निरीक्षणगृहात आणि मुलगी बालगृहात असते. ही माहिती घरून मिळाली तर धमकी वाटत नाही.

चौथी, मदत मागायला लाजायचं नाही. निमहान्स या संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार जण. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. मुलं संकटात असतील तर १०९८ आहे. हे क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावेत, मुलाला लागतील म्हणून आणि आपल्यालाही लागतील म्हणून.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. आपण चुकलो तर मुलाजवळ जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणायचं. आपल्या पिढीतल्या फार थोड्या जणांनी हे शब्द स्वतःच्या आईवडिलांकडून ऐकले आहेत, त्यामुळे ते जिभेवर येत नाहीत. पण मुलाला त्यातून जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. मोठं माणूस चुकू शकतं, चूक कबूल करून लहान होत नाही, आणि भांडणानंतर नातं पुन्हा उभं करता येतं, हे ते डोळ्यांनी बघतं. उद्या त्याला जोडीदार मिळेल, आपण निवडलेला किंवा त्याने निवडलेला. त्या संसारात भांडणं होणारच. त्या वेळी आपण दिलेला फ्लॅट किंवा मिळवून दिलेली सीट त्याच्या फार कामाला येणार नाही. घरात त्याने किती वेळा ‘नाही’ म्हटलं आणि त्यानंतर घराने त्याला कसं वागवलं, त्यावरच तो किंवा ती दुसऱ्या माणसाशी कशी वागणार हे ठरेल.